फुलपाखरू-निरीक्षण, बालशिक्षणातील

फुलपाखरू-निरीक्षण, बालशिक्षणातील : फुलपाखरांचे जीवनचक्र, त्यांच्या अन्नवनस्पती, त्यांचे वर्तन आणि ऋतुमानानुसार कमीजास्त होणारी त्यांची संख्या यांचे मुलांनी स्वतः पाहून, मोजून व नोंदवून केलेले अध्ययन. निसर्गाभ्यासाचा हा एक सुलभ व कमी खर्चाचा प्रकार असून तो पूर्वप्राथमिक वर्गांपासून माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षांपर्यंत वयानुरूप निरनिराळ्या स्वरूपांत योजता येतो. प्रस्तुत नोंदीत या उपक्रमांचे सर्वसामान्य विवेचन केले असून उदाहरणे मुख्यत्वे बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव व त्याभोवतालच्या मैदानी प्रदेशातील वनस्पती व फुलपाखरे यांवरून घेतली आहेत.

स्वरूप व उद्देश : फुलपाखरे लेपिडॉप्टेरा (खवलेपंखी) गणातील कीटक होत. जगात त्यांच्या सु. १८,००० व भारतात सु. १,३०० जाती ज्ञात आहेत. बहुसंख्य जाती दिवसा उडतात, रंगाने लक्ष वेधून घेतात आणि चावत वा डंख करीत नाहीत. त्यामुळे लहान मुलांना त्या भीती न वाटता पाहता येतात. अंडे, अळी (डिंभ), कोश आणि प्रौढ कीटक या चारही अवस्था नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पावसाळ्यातील हवामानात अनेक सामान्य जातींचे जीवनचक्र तीन ते पाच आठवड्यांत पूर्ण होत असल्याने ते शाळेच्या एका सत्रात सहज सामावते. बेडूक किंवा पक्षी यांच्या बाबतीत असा योग क्वचितच जुळून येतो.

या उपक्रमांचा हेतू मुलांना जातींची नावे पाठ करावयास लावणे हा नाही. एकच गोष्ट अनेक दिवस पाहणे, दिसले तेवढेच लिहिणे, अनुमान आणि निरीक्षण यांतील भेद ओळखणे आणि प्राणी व वनस्पती यांचा परस्परसंबंध जाणणे, ही त्याची मुख्य उद्दिष्टे होत. म्हणून निरीक्षणाचा प्रारंभ उडणाऱ्या फुलपाखराचा पाठलाग करण्यापासून न करता त्याच्या अळीच्या अन्नवनस्पतीपासून करणे इष्ट ठरते. प्रौढ फुलपाखरू अनेक प्रकारच्या फुलांवर बसते. परंतु बहुतेक जातींच्या माद्या ठराविक वनस्पतींवरच अंडी घालतात. वनस्पती जागची हलत नाही. तिच्यापाशी मूल रोज जाऊ शकते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुलांनी केलेल्या अशा निरीक्षणाचे एक प्रसिद्ध उदाहरण सतराव्या शतकातील आहे. जर्मनीत जन्मलेल्या मारिया झिबिला मेरियान (१६४७–१७१७) यांनी वयाच्या तेराव्या वर्षी रेशमाचे किडे पाळून त्यांच्या अवस्थांच्या नोंदी व चित्रे करण्यास प्रारंभ केला. अळी, कोश व प्रौढ कीटक ही तिन्ही रूपे अन्नवनस्पतीसह एकाच चित्रात दाखविण्याची त्यांची पद्धत पुढे मान्यता पावली. सुरिनाममधील कीटकांवरील त्यांचा ग्रंथ १७०५ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटक चिखलातून आपोआप उत्पन्न होतात, असा समज ज्या काळी प्रचलित होता, त्या काळी एका मुलीने घरातील पेटीतील किडे पाहून वेगळा मार्ग धरला, ही बाब या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

भारतात बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी (स्थापना १८८३) या संस्थेने फुलपाखरांच्या अभ्यासास चालना दिली. तिने १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय प्रदेशातील फुलपाखरांवरील ग्रंथाचे लेखक एम. ए. विंटर-ब्लाइथ हे व्यवसायाने शिक्षक असून राजकोट येथील राजकुमार महाविद्यालयाचे प्राचार्य होते. शिक्षणाच्या क्षेत्रात १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या (नई तालीम) अभ्यासक्रमात सामान्य विज्ञानाचा भाग म्हणून निसर्गाभ्यासाला स्थान मिळाले. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघर जिल्ह्यात) बोर्डी येथे १९४५ पासून व नंतर कोसबाड येथे चालविलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात परिसरातील पाने, बिया, दगड यांसारख्या वस्तूंचाच शैक्षणिक साधने म्हणून उपयोग केला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे योजलेली कुरणशाळा ही कल्पना तर वर्ग आणि परिसर यांमधील भिंत काढून टाकणारीच होती. पर्यावरणशिक्षण शालेय स्तरावर सक्तीचे करण्याचा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत ‘परिसर अभ्यास’ या विषयात सजीवांची निरीक्षणे अंतर्भूत झालेली आहेत.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ब्लू मॉर्मन या मोठ्या, काळ्या-निळ्या फुलपाखरास राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. असे करणारे महाराष्ट्र हे भारतातील पहिले राज्य होय. त्याला मराठीत नीलवंत हे नाव देण्यात आले आहे. ते मुख्यत्वे पश्चिम घाट, कोकण व विदर्भातील काही वनप्रदेश यांत आढळते. शेगावसारख्या कोरड्या मैदानी भागातील मुलास ते सहसा दिसणार नाही. पाठ्यपुस्तकातील चित्र कोणतेही असो, निरीक्षणाचा विषय मात्र मुलाच्या वाटेवर सापडणारे फुलपाखरू हाच असावा.

शेगाव परिसर : मुंबई–नागपूर लोहमार्गावरील शेगाव हे पूर्णा नदीच्या खोऱ्यात, काळ्या कसदार जमिनीच्या पट्ट्यात वसले आहे. कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी व हरभरा ही या भागातील प्रमुख पिके होत. वनक्षेत्र जवळ नाही. दक्षिणेस ज्ञानगंगा आणि उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत. तथापि फुलपाखरू-निरीक्षणासाठी अरण्याची आवश्यकता नसते. धुरे, नाल्यांचे काठ, पडीक जागा, परसातील लिंबाचे वा कढीलिंबाचे झाड आणि शाळेच्या कुंपणाकडेला उगवणारे तण एवढ्यावर वर्षभराचे काम चालू शकते. विदर्भातील शाळा कडक उन्हाळ्यामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास पहिल्या पावसाने तण व पालवी फुटते आणि माद्या अंडी घालू लागतात. शाळेचे वर्ष आणि फुलपाखरांचा हंगाम असे एकाच वेळी सुरू होतात, ही येथील शिक्षकाला लाभलेली मोठी सोय आहे.

या परिसरात सहज मिळणाऱ्या अन्नवनस्पती व त्यांवरील काही फुलपाखरे पुढीलप्रमाणे आहेत : रुईवर प्लेन टायगर, लिंबू, संत्रा व बेल यांवर लाइम बटरफ्लाय, कढीलिंबावर कॉमन मॉर्मन, तरोट्यावर (टाकळ्यावर) पिवळे कॉमन ग्रास यलो व फिकट रंगाचे मॉटल्ड एमिग्रंट, घोळ या रानभाजीवर डॅनेड एगफ्लाय, एरंडीवर कॉमन कॅस्टर, शेतातील कीडमारीच्या वेलीवर कॉमन रोझ, तर तूर, चवळी इ. कडधान्यांच्या कळ्या व शेंगा यांवर लहानसे पी ब्लू. यांपैकी बऱ्याच वनस्पती मुलांना घरातील वापरामुळे परिचित असतात. मारुतीस शनिवारी रुईच्या पानांची माळ घालतात आणि श्रावणात महादेवास बेल वाहतात. ही पाने खुडताना त्यांवर अंडे वा अळी आहे काय हे पाहण्याची सवय लागली, तरी उपक्रमाची सुरुवात झाली असे समजावे.

प्रमुख उपक्रम : (१) रुईच्या झुडपाचे दैनिक निरीक्षण : तीन-चार मुलांच्या गटाने एक झुडूप निवडून त्यास खूण करावी व रोज ठराविक वेळी दहा मिनिटे ते पाहावे. प्लेन टायगरचे अंडे सु. १ मिमी. उंचीचे, रुपेरी पांढरे, घुमटाकार व उभ्या कण्यांचे असून ते पानावर एकेकटे आढळते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते आणि बहुधा प्रथम अंड्याचे कवचच खाते. वाढलेल्या अळीच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके आणि काळ्या लवचिक शिंगांसारख्या तीन जोड्या असतात. रुईचा चीक तोंडाला चिकटू नये म्हणून मोठी अळी पानाची मधली शीर वा देठ आधी कुरतडून ठेवते, मग त्यापुढील भाग खाते. असे पान खाली लोंबते. मुलांना प्रथम केवळ लोंबणारे पान दाखवून ‘हे असे का झाले असावे?’ असा प्रश्न विचारावा व उत्तर शोधण्यास दोन-तीन दिवस द्यावेत. उत्तर शिक्षकाने सांगितल्यास उपक्रमाचे निम्मे मोल नाहीसे होते.

(२) अळी पाळणे व मोजमाप : लिंबावरील एखादी अळी फांदीसह आणून जाळीदार कापड बांधलेल्या रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावी. रोज त्याच झाडाची ताजी पाने द्यावीत, विष्ठा काढून टाकावी आणि कोश लटकण्यासाठी एक काडी उभी ठेवावी. लाइम बटरफ्लायची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी तपकिरी-पांढरी दिसते व मोठी झाल्यावर हिरवी होते. तिला डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी रंगाचे, उग्र वासाचे दुपेडी शिंग बाहेर येते. वरच्या इयत्तांतील मुलांनी पान देण्यापूर्वी त्याची बाह्यरेषा चौकटींच्या कागदावर आखावी, दुसऱ्या दिवशी उरलेला भाग त्यावर ठेवून खाल्लेल्या चौकटी मोजाव्यात आणि त्यांचा आलेख काढावा. अळीच्या आयुष्यातील बहुतांश अन्न शेवटच्या काही दिवसांतच खाल्ले जाते, हे आलेखावरून मुलांना स्वतःस उमगते. लाइम बटरफ्लायचा कोश कमरेभोवतीच्या रेशमी धाग्याने काडीस टेकून राहतो, तर प्लेन टायगरचा कोश शेपटाकडून उलटा लटकतो. दोन्ही शेजारी ठेवल्यास तुलनेचा चांगला पाठ होतो. बाहेर आलेले फुलपाखरू पंख वाळल्यानंतर मूळ झाडापाशी सोडावे.

कधीकधी कोशातून फुलपाखराऐवजी परजीवी माशी वा गांधीलमाशीच्या कुळातील बारीक कीटक बाहेर येतात. मुलांची निराशा होते. क्वचित रडूही येते. अशा वेळी ती बरणी दडवू नये. ज्या अळीत दुसऱ्या कीटकाने अंडी घातली होती, तिचे काय झाले, हे मुलांनी वहीत लिहावे. शेतातील अळ्यांची संख्या मर्यादेत राहण्यामागे अशा परजीवींचा मोठा वाटा असतो, ही गोष्ट या प्रसंगाइतकी स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही पाठातून कळत नाही.

(३) अनुकरणाचा खेळ : प्लेन टायगरची अळी रुईतील विषारी द्रव्ये शरीरात साठविते व ती प्रौढ फुलपाखरातही उतरतात. त्यामुळे पक्षी त्याला टाळतात. डॅनेड एगफ्लायची मादी विषारी नसूनही रंगरूपाने हुबेहूब प्लेन टायगरसारखी असते. तिचा नर मात्र काळा, पांढऱ्या मोठ्या ठिपक्यांचा असतो. ही कल्पना मुलांना समजावी म्हणून कागदाच्या लहान पुड्या कराव्यात. केशरी पुड्यांत मेथीचे दाणे व पांढऱ्या पुड्यांत गुळाचे खडे ठेवावेत. ‘पक्षी’ झालेली मुले थोड्याच वेळात केशरी पुडी उचलणे सोडतात. नंतर केशरी पुड्यांपैकी काहींत गूळ भरून खेळ पुन्हा घ्यावा. गूळ असलेल्या केशरी पुड्या किती वाचल्या हे मोजले, की नक्कल करणाऱ्याचा लाभ कळतो. नकली पुड्यांचे प्रमाण फार वाढविल्यास तो लाभ कमी होतो, हेही दिसून येते. त्यानंतर प्रत्यक्ष फुलपाखरू पाहताना मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके आहेत की नाहीत, हे पाहण्यास मुलांना सांगावे. प्लेन टायगरमध्ये ते असतात.

(४) ठराविक वाटेवरील गणना : सु. ५०० पावलांची एक वाट ठरवून आठवड्यातून एकदा, स्वच्छ उन्हात, ठराविक गतीने चालावे आणि वाटेच्या दोन्ही बाजूंस दिसणारी फुलपाखरे मोजावीत. ब्रिटनमध्ये १९७६ पासून याच तत्त्वावर देशव्यापी गणना होत आली आहे. नावे ठाऊक नसल्यास ‘मोठे केशरी’, ‘लहान पिवळे’, ‘बारीक निळे’ असे गट पुरेसे होतात; मुलांनी स्वतः ठेवलेली नावेही आरंभी चालू द्यावीत. दर आठवड्याच्या आकड्यांशेजारी पाऊस, ऊन व फुललेली झाडे यांची नोंद करावी. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंतची चढण आणि मार्चनंतरची उतरण आलेखावर दिसते. एकाच शाळेत अशी नोंद अनेक वर्षे राहिल्यास तिला स्थानिक दस्तऐवजाचे मूल्य येते.

(५) वर्तनाची निरीक्षणे : सकाळी फुलपाखरे पंख पसरून ऊन घेतात, कारण शरीर पुरेसे तापल्याशिवाय त्यांना नीट उडता येत नाही. हिवाळ्यात पहिले फुलपाखरू किती वाजता उडाले हे तापमानासह नोंदवावे. पाणवठ्याच्या ओल्या मातीवर अनेक नर एकत्र बसून क्षारयुक्त पाणी शोषतात. थाळीत ओली वाळू व चिमूटभर मीठ ठेवून हे पडताळून पाहता येते. संध्याकाळी उडणाऱ्या कॉमन इव्हनिंग ब्राउनच्या पावसाळी रूपावर डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, तर कोरड्या ऋतूतील रूप वाळक्या पानासारखे असते.

पूर्वप्राथमिक वर्गांसाठी हे सर्व उपक्रम गरजेचे नाहीत. अळीसारखे चालणे, कोशासारखे स्तब्ध राहणे, कागद घडी घालून दोन्ही बाजूंस सारखी नक्षी उमटविणे व दिसलेल्या फुलपाखराचे चित्र काढणे एवढे त्या वयास पुरे होते.

अळी आणि शेती : कृषिप्रधान प्रदेशात या उपक्रमासमोर एक खरी अडचण उभी राहते. ‘फुलपाखरू’ हा शब्द मुलाच्या मनात आनंद निर्माण करतो; परंतु त्याच्या घरी ‘अळी’ हा शब्द नुकसान, कर्ज व फवारणी यांच्याशी जोडलेला असतो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळी व हरभऱ्यावरील घाटेअळी ही पतंगांची पिले आहेत, फुलपाखरांची नव्हेत. पण लिंबाची व संत्र्याची रोपे निष्पर्ण करणारी अळी लाइम बटरफ्लायचीच असते आणि तुरीच्या शेंगेत पी ब्लूची अळीही सापडते. शाळेत जपलेली अळी आणि शेतात वडिलांनी मारलेली अळी एकच आहे, असे मुलास आढळले, तर त्याला दोन्हींपैकी एक खोटे वाटू लागते.

हा विरोध टाळून पुढे जाणे योग्य नाही. शिक्षकाने मुलांसमोर प्रश्न नेमका मांडावा : कोणती अळी, कोणत्या वनस्पतीवर, किती संख्येने, पिकाच्या कोणत्या अवस्थेत? लिंबाच्या लहान रोपाला चार-पाच मोठ्या अळ्याही घातक ठरतात. वाढलेल्या झाडास तेवढ्यांनी विशेष हानी होत नाही. रोपांवरील अळ्या हाताने वेचून काढणे हा कृषितज्ञांनी सुचविलेला उपाय आहे आणि पाने मोजलेली मुले तो चांगल्या प्रकारे करू शकतात. रुई, तरोटा वा एरंडीवर राहणाऱ्या वर उल्लेखिलेल्या फुलपाखरांच्या अळ्या कपाशीवर जात नाहीत. म्हणून धुऱ्यावरचे प्रत्येक तण व त्यावरची प्रत्येक अळी नष्ट करण्याने पीक वाचत नाही. अळी ओळखता येणे हे शेतकऱ्याच्या मुलासाठी केवळ छंदाचे नव्हे, तर उपयोगाचे ज्ञान ठरते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. फवारणी केव्हा आवश्यक आणि केव्हा अनावश्यक, हा विचार लहानपणीच्या अशा निरीक्षणांतून रुजू शकतो.

दक्षता : नुकतीच फवारणी झालेल्या शेतात मुलांना नेऊ नये. रुईचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने पान मोठ्यांनीच तोडावे व नंतर हात धुवावेत. केसाळ वा काटेरी अळीस स्पर्श करू नये. काही पतंगांच्या अळ्यांमुळे तीव्र दाह होतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रात चर्चिली गेलेली घोणस अळी हे याचे उदाहरण होय. पावसाळ्यात गवतात शिरण्यापूर्वी साप-विंचवाची शक्यता लक्षात घ्यावी. पंख बोटांनी धरल्यास त्यांवरील खवले निघून जातात, म्हणून फुलपाखरू हाताळू नये. टाचणीने टोचून संग्रह करण्याची जुनी पद्धत शाळांनी सोडून द्यावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत फुलपाखरांच्या अनेक जातींचा समावेश असून त्या पकडणे वा बाळगणे हा गुन्हा ठरतो. बरणीत पाळण्यासाठी लिंबावरील अळीसारख्या अगदी सामान्य जातीच निवडाव्यात व एका वेळी एक-दोनच अळ्या ठेवाव्यात.

मूल्यमापन व मर्यादा : या उपक्रमांचे मूल्यमापन जातींच्या नावांवर गुण देऊन करू नये. मुलाच्या वहीतील नोंद तारीख-वेळेसह आहे काय, ‘अळी झोपली’ असे न लिहिता ‘अळी दोन तास हलली नाही’ असे लिहिले आहे काय, आणि चुकलेले अनुमान खोडून न टाकता त्याखाली दुरुस्ती केली आहे काय, हे पाहावे. सर्व वर्गास एकच झुडूप दाखविल्यास मुले केवळ गर्दी करतात. म्हणून गट लहान असावेत. उपक्रम एखाद्या ‘दिना’पुरता साजरा केल्यास छायाचित्रांखेरीज हाती काही उरत नाही. शाळेचे मैदान स्वच्छ करताना कुंपणाकडेचे रुई, तरोटा व घोळ सरसकट उपटले गेल्यास पुढील हंगामात निरीक्षणासाठी काहीच राहत नाही. मुख्याध्यापक व सफाई करणारे कर्मचारी यांस हा हेतू आधी समजावून सांगून कुंपणाची एक बाजू, निदान पाच-सहा मीटर लांबीची, तशीच राखून ठेवावी. तीवर खत, पाणी वा वेगळा खर्च लागत नाही; पहिल्या पावसाबरोबर ती आपोआप उगवते.